अद्रकवाल्यांच्या घरचे बटाटे

बटाट्यावर काही लिहायचा मला खरं तर हक्क नाही. आमच्या घरात बटाटा कधी कुणी पिकवला नाही, आणि लिहिणं तर त्याहून कधी कुणी केलं नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकं वाचताना वाटतं, या लोकांना वाक्य कुठं थांबवायचं ते बरोबर कळतं. मला कळत नाही. एक गोष्ट सांगायला घेतली की तीन सांगून होतात आणि पहिली राहून जाते. तरी लिहायला बसलो, कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीत माझ्या धाकट्या बहिणीचं पुढचं शिक्षण अडकलं. ते एकदा नीट, ओळीनं सांगावं असं वाटत राहिलं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, इतकंच म्हणतो.

आमचं गाव पिशोरच्या पुढं. घरी अद्रक असते. आजोबांच्या वेळेपासून अद्रकच. शाळेच्या वहीला, आईच्या पदराला, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या पिशवीलाही मला तिचा वास येतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना अद्रकीतलं सगळं कळतं. पानाचा शेंडा बघून मुळाशी काय चाललंय ते सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो होतो. दुपारी रानात लिंबाखाली आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. बहीण बारावी सायन्सला. तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं, "अण्णा, बारावी झाली की मी ॲग्रीला जाते."

"कशाला?"

"शेतीच्या कॉलेजला. त्याची परीक्षा असते. उन्हाळ्यात. फॉर्म त्याच्या आधी भरावा लागतो."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "शेती शिकायला कॉलेज? मी कोणत्या कॉलेजात गेलतो?"

"म्हणूनच तर," बहीण म्हणाली.

आईनं तिच्याकडं डोळे वटारले. अण्णांना राग आला नाही. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. "नर्स व्हते म्हण, मास्तरीण व्हते म्हण, मी नाय म्हणायचो नाय. पण घरचंच काम शिकायला चार वर्षं लांब जाऊन राहायचं? लोक काय म्हणतील, बापाला येत नव्हतं का?"

"तिथं वेगळं शिकवतात अण्णा. ज्याला रान नाय त्यालाबी पिकवता येतं. लोक गच्चीवर गोण्या ठेवतात अन् गोणीत बटाटे पिकवतात."

"गोणीत बटाटे पिकत नसतात बाई. गोणीत बटाटे भरत असतात."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली, आणि हसल्याचाच तिला राग आला. "पिकतात. मला येतात."

"दाखव मंग. आले तर फॉर्म भरू."

"उद्याच लावते. गोठ्याच्या मागं."

"इथं नाय," अण्णा म्हणाले. "इथल्या मातीत दगड लावला तरी कोंब फुटंल. तुझा भाऊ राहतो ना, तिथं. स्लॅबवर. तिथं येऊ दे."

मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. माझ्या शिक्षणाला अण्णांनी कधी आडकाठी केली नव्हती, आणि तिच्या शिक्षणाला मात्र बटाट्यांची अट पडत होती. हे बरोबर नाही, असं मला तिथंच म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. त्याऐवजी मनात म्हणालो, आपण तिचे बटाटे पिकवून देऊ. म्हणजे बोलावं लागणार नाही.

परत येताना एका गोणीत मुरलेलं शेणखत आणलं. कंडक्टरनं पायानं गोणी चाचपून विचारलं, "काय हाय?"

"शेणखत."

"कुठं चाललं?"

"हडकोला."

"शहरात काय कमी हाय का," असं म्हणून तो पुढं गेला.

हडकोत मी ज्या घरात खोली घेऊन राहतो, त्या घरमालकीण बाईंना मी काकू म्हणतो. खाली त्या एकट्याच राहतात. बहिणीच्या फॉर्मसाठी गच्चीवर बटाटे लावायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "स्लॅब गळला तर तुझे बटाटे माझ्या फ्रीजवर येतील, समजलं?" मी समजलं म्हणालो. मग त्यांनी अट घातली की गोण्या थेट स्लॅबवर ठेवायच्या नाहीत, खाली विटा लावायच्या आणि पाणी वाहून मोरीकडं जाईल असं बघायचं. विटा त्यांनीच दिल्या. नंतर मला कळलं की त्या मला अडवत नव्हत्या, काम नीट लावून देत होत्या. पण मला सुरुवातीला प्रत्येक माणूस रागावलेलाच वाटतो.

सगळं डोकं बहिणीचं होतं, हात माझे. ती फोनवर सांगायची, मी करायचो. गल्लीत एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथून सिमेंटच्या सहा रिकाम्या गोण्या मागून आणल्या. त्या झटकून धुतल्या आणि खाली भोकं पाडली. पायाची माती निघाली होती, तीही तिथूनच आणली. कॉलेजच्या आवारातला लिंबाचा पाला पोत्यात भरताना वर्गातल्या दोन मुलींनी पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस मी त्या बाजूनं गेलो नाही. माती, पाला आणि खत कालवून गोणीत तिसरा हिस्साच भरायचं, आणि गोणीचं तोंड बाहेरून दुमडत खाली आणायचं. झाड वाढेल तशी वरून माती घालायची आणि दुमड उलगडत जायची. बहीण म्हणाली, "आपण अद्रकीला भर लावतो ना, तशी." तेवढं मला कळलं.

बेण्यासाठी कोंब आलेले बटाटे निवडले. प्रत्येक फोडीला दोन डोळे राहतील असे कापले, कापलेल्या बाजूला राख लावली, दोन दिवस खोलीतच वर्तमानपत्रावर वाळवले आणि लावले.

अठरा दिवस काही नाही. मी रोज फोटो पाठवायचो, ती रोज लिहायची, "माती दिसतेय. छान माती आहे." एकोणिसाव्या दिवशी दोन गोण्यांत कोंब वर आले. मी इतका घाईनं जिना उतरलो की काकूंना वाटलं वर काही पेटलं. फोटो पाठवला तर उत्तर आलं, "भाऊ, हे गवत आहे. बटाटा मागं आहे, तो दाखव."

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ड्रम, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेवायचं. त्यात बटाट्यांचा वाटा कुठून काढायचा? मी माझी आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. मग काकूंकडचं तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका डब्यात साठायला लागलं. संध्याकाळी तो डबा वर न्यायचा, एवढं मला न सांगता कळलं. झाडं वीतभर झाली तेव्हा पहिली भर घातली. पौषात ती माझ्या गुडघ्याला आली. काकू थंडीत शाल गुंडाळून वर यायच्या आणि म्हणायच्या, "पोरीचा फॉर्म चांगला वाढलाय."

आता चुकीकडं येतो. इथपर्यंत लांबवलं, कारण ती सांगायला नको वाटते.

अद्रकीत आमच्याकडं एक पद्धत आहे. जे बेणं आपण लावतो ते मातीत सडून जात नाही. त्याच्यावर झाड उभं राहतं, बाजूनं नवे फणे धरतात, आणि जुनं बेणं तसंच धड राहतं. पोळ्याच्या आसपास अण्णा आणि आई सरीत बसून झाडाच्या बुडाशी हात घालतात, चाचपून ते जुनं बेणं हळूच मोडून बाहेर काढतात, आणि माती परत दाबतात. झाडाला कळतसुद्धा नाही. आई म्हणते, "माय मोकळी झाली की लेकरं फुगतात." मी लहानपणापासून हे काम करत आलोय. शेतीतलं मला जे थोडंफार नीट येतं, त्यात हे एक.

जानेवारीच्या मध्यावर अण्णांचा फोन आला की फेब्रुवारीत अद्रक काढली की शहरात जाधववाडीच्या मार्केटला येतो, तेव्हा बघतो काय पिकलंय. वर नुसता पाला होता. खाली काही आहे की नाही कोण सांगणार? बहिणीनं पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "मधी हात घालू नको. काय बी झालं तरी." पण मला वाटलं, हात घालणं म्हणजे उकरणं. बेणं काढणं वेगळं. त्यानं मदतच होईल.

रविवारी सकाळी मी गच्चीवर बसलो आणि पहिल्या गोणीत मनगटापर्यंत हात घातला. जुनी फोड लागली. पण ती बोटांत धरताच पिचकली आणि काळा, घाण वासाचा लगदा हाताला आला. मी घाबरलो. अद्रकीत असा लगदा लागला तर त्याचा एकच अर्थ असतो, सड लागली. आणि सड लागली की घरात सगळ्यांना माहीत असतं काय करायचं, सडकं ताबडतोब काढून टाकायचं, नाहीतर ओळच्या ओळ जाते. मी एकामागून एक पाच गोण्यांत हात घातला, सगळा लगदा खरवडून काढला. काढताना पांढरे दोर तुटत होते, ते मला मुळ्याच वाटले. सहाव्या गोणीजवळ आलो आणि काकूंनी खालून चहाला हाक मारली. म्हणून ती वाचली.

चहा पीत मी बहिणीला फोन केला. मला वाटत होतं मी पीक वाचवलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग इतक्या हळू आवाजात बोलली की मला आधी ऐकूच आलं नाही.

"भाऊ, बटाट्याचं बेणं सडतंच. सडायचंच असतं त्याला. अद्रक नाय ती."

"मग ते पांढरे दोर?"

"त्याच्या टोकालाच बटाटे धरतात." मग तिनं विचारलं, "किती गोण्या?"

इथं मी खोटं बोललो. "एकच," म्हणालो.

त्यानंतर मी तिला फक्त सहाव्या गोणीचे फोटो पाठवत राहिलो. कधी डावीकडून, कधी वरून, कधी मागं काकूंची वाळत घातलेली चादर येईल असे. बाकी पाच गोण्यांतली झाडं दुपारी माना टाकायची. दोन तर वाळूनच गेली.

अण्णा ज्या दिवशी येणार होते त्या दिवशी सकाळी मी आणखी एक काम केलं, जे पहिल्यापेक्षा वाईट होतं. भाजीवाल्याकडून अर्धा किलो बटाटे आणले आणि त्या पाच गोण्यांत वाटून पुरले. वरून माती थापली आणि पाणी शिंपडलं.

अण्णा दुपारी बाराला आले. अंगावर मार्केटची धूळ, खांद्यावर रुमाल. पाणी प्यायले आणि म्हणाले, "चल, दाखव तुझं रान." काकूही मागून जिना चढल्या. गच्चीवर अण्णांनी पोतं अंथरलं, चपला काढल्या आणि पहिली गोणी आडवी करून रिकामी केली.

मातीतून दोन मोठे बटाटे घरंगळत आले. अण्णांनी एक उचलला, अंगठा त्याच्या सालीवर जोरात घासला. साल हलली नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला, घासला, बाजूला ठेवला. मग माती चाळून बोराएवढी तीन पिल्लं काढली, त्यातल्या एकाला अंगठा लावला. साल कागदासारखी सरकली. ती पिल्लं त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवली. असे पाचही गोण्यांचे दोन ढीग केले. नवी काढलेली अद्रकही अशीच अंगठ्यानं सोलते, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. सकाळी ते आठवलं नव्हतं.

मोठ्या बटाट्यांच्या ढिगाकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे किती आणले?"

"अर्धा किलो."

"अर्ध्या किलोत बापाला फसवतो व्हय? आणायचे तर गोणीभर तरी आणायचे."

काकूंनी तोंडाला पदर लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी सहावी गोणी ओढून आणली. अण्णांनी ती रिकामी केली. तिच्यातून बटाटे निघाले. मी मोजले, अकरा. मुठीएवढे चार, बाकीचे अंड्याएवढे. सगळ्यांची साल सरकत होती. अण्णांनी एक नाकाजवळ नेला.

"हिच्यात कसे आले?"

मग मी सगळं सांगितलं. पोळ्याला बेणं काढतो तसं काढायला गेलो, लगदा लागला, सड म्हणून खरवडलं. ती पहिल्या दिवसापासून हात घालू नको म्हणत होती. आणि तिला मी एकच गोणी सांगितली, पाच नाही.

अण्णा उकिडवे बसून होते. हातातल्या बटाट्यावरची माती त्यांनी बोटानं काढली.

"लगदाच झाला व्हता?"

"हो."

"काळा? वास मारत व्हता?"

"हो."

"मंग मी असतो तर मीबी काढलाच असता," अण्णा म्हणाले. रिकाम्या गोणीकडं बघून परत म्हणाले, "मी तर सहावीबी सोडली नसती."

मी वाट पाहिली. फॉर्मचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. अकरा बटाटे आणि ती बोराएवढी पिल्लं त्यांनी रुमालात बांधली. "ते तुझे तू खा," असं बाजारच्या ढिगाबद्दल सांगितलं, काकूंना नमस्कार केला आणि चारची एसटी धरून गेले. फॉर्म भरायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मोठा मेसेज लिहून माफी मागितली. तिनं तो वाचल्याचं दिसलं, उत्तर आलं नाही. नंतर तिची बोर्डाची परीक्षा सुरू झाली, आणि ती अभ्यासामुळं बोलत नाही की रागामुळं, हे मला ठरवता येईना. अण्णांना फोन केला की ते मोटारीचं, पाण्याचं, बैलाच्या पायाचं सांगायचे. आई म्हणायची, "ती अभ्यासाला बसली, उठवू नको." मी रोज मोबाईलवर ती शेवटची तारीख बघायचो. ती आली आणि गेली. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण ते वाक्य 'नाही भरला' असं निघालं असतं, तर ते माझ्या हातानं झालं असं मला जन्मभर वाटलं असतं. होळीला माझी परीक्षा असल्याचं सांगून मी घरी गेलो नाही. परीक्षा होती, पण तिला बराच वेळ होता.

काकू मात्र विचारायच्या. "काय झालं रे पोरीचं?" मी मान हलवायचो. त्यांनी एकदा मला चांगलंच सुनावलं, "बटाट्यात हात घालायला घाबरला नाहीस, अन् फोनवर विचारायला घाबरतोस?"

एप्रिलमध्ये एका सकाळी मी कॉलेजला निघत होतो, तेव्हा आईचा फोन आला.

"परवा ती यायलीय तुझ्याकडं. चार दिवस राहील. खोली झाडून ठेव जरा."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बहीण. परीक्षेचं सेंटर तिकडंच आलंय. हॉल तिकीट भेटलं काल."

मी जिन्यातच बसलो. "कुठल्या परीक्षेचं?"

"त्या शेतीच्या कॉलेजाच्या. अण्णांनी मार्केटहून आल्या दुसऱ्याच दिशी फॉर्म भरला ना. पिशोरला तिला घेऊन गेले, त्या कंप्युटरवाल्यापाशी दोन तास बसले. सातबाराबी काढून आणलाय आतापासून, त्याचे काय तर जादा मार्क भेटतात म्हणं."

"आई, मला कुणीच सांगितलं नाही."

"तीच नको म्हणली. म्हणली, खोटं बोललाय, परीक्षा होईपर्यंत तळमळू द्या त्याला. अन् अण्णाबी हसत व्हते, म्हणून मीबी गप बसले."

तेवढ्यात मागून बहिणीचा आवाज आला, "आई! सांगितलंस ना? अजून दोन दिवस तळमळला असता की!"